जर-तरची विमाने

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, या म्हणीने आपण मराठी माणसे जर-तरचा विषय एका फटक्यात निकालात काढतो. इतिहासाचे अभ्यासकही जरा सभ्य शब्दांत तेच सांगतात. जे घडले त्याचा विचार करा, जे घडलेच नाही त्याच्या मागे लागू नका, असा त्यांचा सल्ला असतो. पण मन हा सल्ला मानत नाही. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हा प्रश्न आपल्याकडे अडीच शतके विचारला जात आहे. डॉ. जयंत नारळीकरांसारख्या वैज्ञानिकालाही त्यावर विज्ञानकथा लिहावीशी वाटली आणि त्यांच्या गंगाधरपंतांनी मराठ्यांनी जिंकलेले पानिपत पाहून घेतले. ज्याला कथा लिहिता येत नाही तो कट्ट्यावर वाद घालतो. आणि जगात एक जमात अशी आहे की, ती हा वाद कागदावर किंवा कट्ट्यावर न घालता प्लॅस्टिकमध्ये घालते.

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांची छोटी मॉडेल जोडण्याचा छंद आपल्याकडे मूठभरांचा असला तरी इंग्लंड, अमेरिका, जर्मनी, जपान या देशांत त्याला मोठी परंपरा आहे. १:७२ हे त्यातले सर्वांत रुळलेले प्रमाण. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट मॉडेलमध्ये एक इंच. स्पिटफायरचे सव्वाअकरा मीटरचे पंख या प्रमाणात साडेपंधरा सेंटिमीटरचे होतात आणि विमान तळहातावर मावते. खोक्यातून प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, सांधे पुट्टीने बुजवायचे, रंग द्यायचा आणि शेवटी पाण्यात भिजवून बोधचिन्हे चिकटवायची. यात बहुतेकांचा ध्यास असतो तो अचूकपणाचा. अमक्या तुकडीचे तमके विमान अमक्या महिन्यात कोणत्या रंगाचे होते, यावर ही मंडळी तासन् तास भांडू शकतात.

‘व्हॉट-इफ’ म्हणजे ‘असे झाले असते तर’ या पंथाचे लोक मात्र त्याच खोक्यातून भलतेच काही काढतात. कधी खऱ्या विमानाला त्याने कधीच न मिरवलेली निशाणी लावायची. कधी एका विमानाचे पंख, दुसऱ्याचे शेपूट आणि तिसऱ्याचे इंजिन एकत्र आणायचे. आणि कधी, जे विमान केवळ आराखड्यांच्या कागदावर राहिले ते आकाराला आणायचे. अचूकतावाद्यांना हा सारा पोरखेळ वाटतो. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असल्या मॉडेलांतून हरलेल्या युद्धाविषयीची हळहळ जोपासली जाते, असे ते म्हणतात. पहिला आक्षेप मला मान्य नाही. दुसरा मात्र बाजूला सारण्यासारखा नाही, आणि म्हणूनच या छंदाविषयी थोडे गांभीर्याने लिहावेसे वाटते.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर खुद्द युद्धाच्या इतिहासातच आहे. १९४० मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन कंपनीने ब्रिटनसाठी मस्टँग हे विमान तयार केले. सांगाडा उत्तम, वेग उत्तम, पण त्याचे ॲलिसन इंजिन उंचीवर गेले की धापा टाकू लागे. ३० एप्रिल १९४२ रोजी रोल्स-रॉइसचे वैमानिक रॉनल्ड हार्कर यांनी हे विमान उडवले आणि एक साधा प्रश्न विचारला : यात आमचे मर्लिन इंजिन बसवले तर? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मर्लिन बसवलेले मस्टँग उडाले. पुढे जादा टाक्या लावून इंग्लंडहून बर्लिनपर्यंत बॉम्बफेकी विमानांची सोबत करणारे आणि लढून परत येणारे विमान ते हेच. आज ज्याला आपण मस्टँग म्हणतो तेच एका अर्थाने ‘व्हॉट-इफ’ आहे.

जपानचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कावासाकीचे ‘हिएन’ हे निमुळत्या नाकाचे देखणे विमान जर्मन डायम्लर-बेंझच्या परवान्यावर बनवलेल्या इंजिनावर चाले. ते इंजिन जपानी कारखान्यांना धड जमेना. त्यात जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीने आकाशी येथील कारखाना उद्ध्वस्त केला आणि पावणेतीनशेच्या आसपास सांगाडे इंजिनावाचून उभे राहिले. हाताशी होते ते मित्सुबिशीचे गोल इंजिन. ते १ मीटर २२ सेंटिमीटर रुंद, आणि विमानाचे अंग जेमतेम ८४ सेंटिमीटर. ताटाएवढे इंजिन वाटीएवढ्या अंगाला कसे जोडायचे? जर्मनीहून अभ्यासासाठी आणलेल्या फोके-वुल्फ १९० मध्ये हाच पेच कसा सोडवला आहे, हे जपानी अभियंत्यांनी पाहिले आणि १ फेब्रुवारी १९४५ रोजी ‘की-१००’ उडाले. नाइलाजातून जन्मलेले हे विमान जपानच्या उत्तम लढाऊ विमानांत गणले जाते.

आता हाच बदल १:७२ च्या मॉडेलमध्ये करून पाहावा. ३८ सेंटिमीटरचा फरक सुमारे पाच मिलिमीटरचा होतो. पण ते पाच मिलिमीटर बुजवताना बोटांना जे कळते ते पुस्तकातून कळत नाही. नाक जड झाले की विमानाचा तोल पुढे जातो. तो साधायचा तर मागे काही तरी वाढवावे लागते. पंखा मोठा केला तर तो जमिनीला टेकतो, म्हणून चाकांचे पाय लांब करावे लागतात. पाय लांब केले की ते पंखातल्या खाचेत मावत नाहीत. इंजिन पाण्यावर थंड होणारे असेल तर रेडिएटर कुठे तरी ठेवायलाच हवा. स्पिटफायरला मर्लिनऐवजी ग्रिफन हे थोरले इंजिन बसवले तेव्हा पंखा उलट्या दिशेने फिरू लागला, उड्डाण घेताना विमान डावीकडे ओढण्याऐवजी उजवीकडे ओढू लागले आणि शेपटाचा आकार वाढवावा लागला. एक धागा ओढला की सगळा पदर हलतो. प्रामाणिकपणे केलेले ‘व्हॉट-इफ’ मॉडेल हा धडा देते, म्हणून ते पोरखेळ नव्हे. केवळ कल्पना लढवणाऱ्याला कशाचाच हिशेब द्यावा लागत नाही. मॉडेल करणाऱ्याला निदान जागेचा आणि तोलाचा हिशेब द्यावा लागतो.

परंतु हिशेब तेवढ्यावर थांबतो, आणि इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो. या छंदातली सर्वांत लोकप्रिय शाखा आहे ती ‘लुफ्ट ४६’ या नावाने ओळखली जाणारी. युद्ध मे १९४५ मध्ये संपले नसते आणि १९४६ उजाडले असते, तर जर्मन हवाई दलाने कोणती विमाने उडवली असती, हा तिचा विषय. पराभवाच्या उंबरठ्यावरच्या त्या देशातील आराखडा-कचेऱ्यांतून खरोखरच अद्‌भुत चित्रे बाहेर पडली होती. शेपूट नसलेली विमाने, मागे वळलेल्या पंखांची विमाने, अंगात केवळ पंखच असलेली विमाने. नव्वदच्या दशकात तर अशा कागदी विमानांची तयार खोकी दुकानांत दिसू लागली. खोक्यावरच्या चित्रात हे विमान नेहमीच निळ्या आभाळात झेपावत असते, त्याचा रंग नवाकोरा असतो आणि पुढे अमेरिकी बॉम्बफेके विमान पेटलेले असते. जर्मनीत कायद्याने बंदी असल्यामुळे तिथल्या खोक्यांवरच्या शेपटावर स्वस्तिक नसते. स्वस्तिक पुसले की जणू प्रश्नही पुसला गेला, अशी सोय त्यात होते.

या चित्राबरोबर एक कथाही येते. जर्मनीकडे जगातले पहिले लढाऊ जेट, मेसरश्मिट २६२, होते. हिटलरने ते बॉम्बफेके करण्याचा हट्ट धरला म्हणून उशीर झाला. नाही तर युद्धाचे पारडे फिरले असते. हट्टाची गोष्ट खरी आहे, पण उशिराचे खरे कारण इंजिन होते. जेट इंजिनाच्या धगीला टिकणाऱ्या पोलादासाठी निकेल आणि क्रोमियम लागते आणि जर्मनीत त्यांचा दुष्काळ होता. म्हणून साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा लेप देऊन काम भागवले गेले. अशा युमो ००४ इंजिनाचे आयुष्य सांगायला पंचवीस तासांचे आणि प्रत्यक्षात बरेचदा त्याहून कमी. १९४४ च्या मध्याआधी ते मोठ्या संख्येने तयार होऊच शकले नाही. अशी विमाने चौदाशेंवर बांधली गेली, पण त्यांतली थोडीच लढाईत उतरली. कारण तोवर इंधन संपत आले होते. १२ मे १९४४ पासून दोस्तांच्या विमानांनी कोळशापासून पेट्रोल बनवणारे कारखाने झोडपायला सुरुवात केली. त्या एप्रिलमध्ये विमानांच्या इंधनाचे उत्पादन १,७५,००० टन होते. सप्टेंबरात ते त्याच्या दहा टक्क्यांच्याही खाली आले. पेट्रोल नाही म्हणून नव्या वैमानिकांना शिकवता येत नव्हते, आणि न शिकलेल्या वैमानिकाला जगातले सर्वोत्तम विमान दिले तरी ते त्याची शवपेटीच ठरते.

आणि ही विमाने बांधत कोण होते? नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरात बोगदे खणून जो भूमिगत कारखाना उभारला त्यात व्ही-२ अग्निबाणांबरोबर युंकर्सची इंजिनेही बनत. त्याला जोडून मिटेलबाउ-डोरा ही छळछावणी होती. तिथून सुमारे ६०,००० कैदी गेले आणि त्यांतले सुमारे २०,००० मेले. ऑस्ट्रियात गुझेनच्या छावणीतील कैद्यांकडून मेसरश्मिट २६२ ची अंगे बोगद्यांत जोडून घेतली जात. १९४५ ऐवजी १९४६ पर्यंत युद्ध चालले असते, तर त्या देखण्या विमानांबरोबर हे बोगदेही आणखी एक वर्ष चालले असते. ‘लुफ्ट ४६’ च्या चित्रात हे कधीच दिसत नाही. १:७२ च्या प्रमाणात सर्व काही लहान करता येते, पण हे लहान करता येत नाही. म्हणून ते चौकटीबाहेर ठेवले जाते. हे सारे मॉडेल करणारे नाझी विचारांचे असतात, असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहुतेकांना फक्त आकाराची भुरळ पडलेली असते. पण यंत्राचा गौरव करताना ते कोणाच्या हाडांवर उभे होते हे विसरणे, ही चूक निरागसपणे केली तरी चूकच राहते.

गंमत अशी की, या कथेला उत्तर देण्यासाठी नुसत्या तर्काची गरज नाही. त्यातले एक ‘जर’ प्रत्यक्षात घडून गेले आहे. ‘लुफ्ट ४६’ वाल्यांचे लाडके विमान म्हणजे फोके-वुल्फचे टा १८३. हान्स मुल्टहॉप यांनी आखलेले, चाळीस अंशांनी मागे वळलेल्या पंखांचे, बुटके, उंच शेपटाचे. कंपनीचे मुख्य अभिकल्पक कुर्ट टांक. यांच्याच फोके-वुल्फ १९० चा कित्ता जपान्यांनी गिरवला होता. एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश फौजांनी कंपनी ताब्यात घेतली तेव्हा टा १८३ चा एकही नमुना पूर्ण झालेला नव्हता आणि त्यासाठी नेमलेले हाइन्केलचे नवे इंजिन बोटांवर मोजण्याइतकेच बनले होते. आणखी सहा महिने मिळाले असते तर, असा सुस्कारा इथे टाकला जातो. पण टांक यांना सहा महिने नव्हे, चांगली काही वर्षे मिळाली. युद्धानंतर ते आपल्या सहकाऱ्यांसह अर्जेंटिनात गेले आणि कोर्दोबा येथे त्याच घराण्यातले ‘पुल्की २’ त्यांनी बांधले. ते टा १८३ ची नक्कल नव्हते, पण मागे वळलेले पंख, उंच शेपूट आणि एकूण बांधा यांवरून नाते लगेच ओळखू येते. बॉम्बफेक नव्हती, इंधनाचा तुटवडा नव्हता, इंजिन होते रोल्स-रॉइसचे भरवशाचे नीन. १९५० मध्ये विमान उडाले आणि त्याचे दोष दिसू लागले. चाचण्यांत दोन वैमानिकांचा बळी गेला. एकूण पाचच नमुने बांधले गेले आणि प्रत्यक्ष सेवेत हे विमान कधीच आले नाही. शांततेच्या काळात, चांगल्या इंजिनासह जे एवढ्या वर्षांत साधले नाही, ते कोसळणाऱ्या देशात सहा महिन्यांत साधले असते, असे ज्याला मानायचे असेल त्याने खुशाल मानावे.

टांक यांची गोष्ट अर्जेंटिनात संपत नाही. १९५५ मध्ये तिथले पेरॉन यांचे सरकार उलथले आणि १९५६ मध्ये टांक बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी तिथे तयार झालेले एचएफ-२४ ‘मारुत’ प्रथम उडवले. मुंबईकरांपैकी अनेकांनी ते वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात पाहिले असेल. १५.८७ मीटर लांबीचे ते देखणे विमान आवाजाच्या दुप्पट वेगाने जावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते आवाजाच्या वेगापाशीच घुटमळले. कारण एकच, इंजिन. ज्या वाढीव ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर सारी भिस्त होती, त्याच्या विकासाचा खर्च उचलायला ब्रिटनमध्ये कोणी राहिले नाही आणि भारतानेही तो उचलला नाही. मग मूळचे ऑर्फियस ७०३ बसवावे लागले.

त्यानंतरची धडपड एखाद्या ‘व्हॉट-इफ’वाल्यालाही सुचणार नाही अशी आहे. इजिप्तमध्ये विली मेसरश्मिट एक लढाऊ विमान आखत होते आणि ऑस्ट्रियाचे फर्डिनांड ब्रांडनर त्यासाठी ई-३०० हे इंजिन तयार करत होते. त्या विमानाचे पहिले उड्डाण १९६४ मध्ये भारतीय हवाई दलाचे कपिल भार्गव यांनी केले. एक मारुत इजिप्तला नेऊन त्यात ब्रांडनर यांचे इंजिन बसवून उडवलेही गेले. पण १९६७ च्या युद्धानंतर इजिप्तची उमेद आणि पैसा दोन्ही आटले आणि १९६९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. जुन्याच इंजिनाला जादा जोर देण्याच्या प्रयोगातील मारुत चालवताना जानेवारी १९७० मध्ये सुरंजन दास अपघातात गेले. तरीही १९७१ च्या युद्धात मारुत राजस्थानच्या आघाडीवर लढले आणि आपल्या परीने चांगले लढले. एकूण १४७ मारुत बांधली गेली आणि १९९० मध्ये ती निवृत्त झाली.

योग्य इंजिन मिळाले असते तर? भारतीय माणसाने मॉडेल करावे असे ‘व्हॉट-इफ’ कोणते, तर माझ्या मते हेच. पण ते करताना आपणही ‘लुफ्ट ४६’ च्या वाटेने जाणार की काय, हा खरा प्रश्न आहे. आवाजाच्या दुप्पट वेगाचे मारुत १९६५ मध्ये सज्ज झाले असते आणि सारे जग थक्क झाले असते, असे मनोराज्य रंगवून सुस्कारा टाकणे सोपे आहे. त्यात दोष नेहमी दुसऱ्याचा असतो. इंग्रजांनी इंजिन दिले नाही, दिल्लीतल्या बाबूंनी पैसे दिले नाहीत. पण प्लॅस्टिक कापायला बसले की प्रश्न बदलतो. विमान आखले तेव्हा इंजिन कुठे होते? ज्या इंजिनाची खात्री नाही, त्याच्याभोवती विमान आखण्याचा जुगार कोणी आणि का खेळला? आणि इंजिन बनवायचे तर त्यासाठी लागणारी धातुविद्या, भट्ट्या, चाचणीगृहे आणि वीस-वीस वर्षे एकाच कामाला चिकटून राहणारी माणसे आपण तयार केली होती का?

याच कारखान्यात मारुतच्या आधी दुसरी रीत पाहायला मिळाली होती. डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ जर्मनीत गटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकून आलेले. त्यांनी आखलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ मध्ये उडाले. बाजारात मिळणाऱ्या लहानशा इंजिनावर चालणारे हे साधे विमान दीडशेहून अधिक संख्येने बांधले गेले आणि वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्याचे कोणी ‘व्हॉट-इफ’ मॉडेल करत नाही, कारण त्याबाबत हळहळण्यासारखे काही उरले नाही. घाटग्यांची रीत म्हणजे शेवटचा शब्द, असे नाही. त्या रीतीने लढाऊ जेट झाले नसते. पण हाती काय आहे हा प्रश्न आधी विचारायचा असतो, एवढे तरी एचटी-२ सांगते. हा धडा आपण किती घेतला? मारुतच्या उड्डाणाला साठ वर्षे उलटून गेली. २००१ मध्ये उडालेले आपले ‘तेजस’ आजही अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या इंजिनावर उडते. त्याच्यासाठी हाती घेतलेले ‘कावेरी’ इंजिन त्यात बसले नाही.

म्हणून जर-तरची मॉडेल करणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. प्रदर्शनात मॉडेलपुढे छोटी पाटी असते. तीवर विमानाचे नाव, प्रमाण आणि रंग लिहिलेले असतात. ‘व्हॉट-इफ’ मॉडेलच्या पाटीवर आणखी दोन ओळी असाव्यात. एक, हे का झाले नाही. दुसरी, हे व्हायचे तर आणखी काय काय व्हावे लागले असते आणि त्याची किंमत कोणी मोजली असती. टा १८३ च्या पाटीवर निकेल, पेट्रोल आणि डोराचे कैदी लिहावे लागतील. बलाढ्य इंजिनाच्या मारुतच्या पाटीवर आपल्या न बांधलेल्या भट्ट्या लिहाव्या लागतील. एवढे लिहून जर कोणी ते विमान प्रेमाने रंगवले, तर त्याला कोणी छांदिष्ट म्हणून हिणवू नये. पुष्कळ इतिहासकारांना न जमलेले काम त्याने केलेले असेल.

आत्याबाईला मिशा असत्या तर, या म्हणीत चूक इतकीच आहे की, ती प्रश्न विचारण्यालाच हसते. हसावे ते प्रश्नाला नव्हे, तर नुसत्या मिशा चिकटवून आत्याबाईचा काका झाला, असे मानणाऱ्याला.